पिकअपचं इंजिन ऑइल टिपकतंय? आधी पुठ्ठा, मग पाना

सकाळी पिकअप काढली आणि उभ्या जागेवर रुपयाएवढा काळा डाग दिसला, की बहुतेक जण म्हणतात, ‘जुनी गाडी आहे, टिपकायचीच.’ मग वर्षभर लिटर-लिटर ऑइल ओतत राहतात. उरलेले थेट गॅरेजला नेऊन ‘पॅकिंग टाका’ सांगतात. मी दोन्ही केलंय आणि दोन्हीकडे पैसे गेलेत. नारायणगावला टोमॅटो भरायचा, ओतूर-मढवरून माळशेज उतरायचा, मुरबाड-कल्याण करत पहाटेच्या आत वाशीला पोचायचं, हे माझं हंगामातलं काम. गाडी टर्बो डिझेल, बीएस-३ (जुन्या धूर-नियमांच्या काळातली), तीन लाख किलोमीटरच्या पुढे गेलेली. गळती छोटी असेल तर निम्म्याहून जास्त काम घरच्या अंगणात होतं. फक्त पाना हातात घ्यायच्या आधी तेल नक्की कुठून येतंय आणि का येतंय, हे शोधा. आमच्यातले सगळ्यात जास्त लोक इथेच घाई करतात.

आधी तो डाग इंजिन ऑइलचाच आहे का ते बघा. बोट लावा, चोळा, वास घ्या. डिझेल गाडीचं इंजिन ऑइल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळं होतं, त्यामुळे काळा रंग बघून घाबरायचं कारण नाही. जाडसर, चिकट आणि गंधकासारखा उग्र वास असेल तर ते गेअर बॉक्सचं किंवा मागच्या क्राऊनचं (मागच्या अॅक्सलमधल्या गोल गिअरपेटीचं) ऑइल. लालसर असेल तर बहुतेक पॉवर स्टिअरिंगचं. पातळ आणि बोटावरून लगेच उडणारं असेल तर डिझेल. हिरवं किंवा गुलाबी पाणी म्हणजे कूलंट. आणि चाकाच्या आतल्या बाजूने पातळ, गुळगुळीत ओल उतरलेली असेल तर ते ब्रेक ऑइल. तेव्हा गाडी जागेवरून हलवू नका, मिस्त्रीला तिथंच बोलवा.

मग इंजिन ऑइल मोजायची काडी बघा. सपाट जागा, इंजिन बंद करून दहा मिनिटं झालेली. काडी पुसा, पूर्ण आत घाला, परत काढा. तेल दोन खुणांच्या मध्ये असेल तर घाई नाही. वरच्या खुणेच्याही वर असेल तर कदाचित तीच तुमची ‘गळती’. जास्तीचं तेल क्रँक (इंजिनाच्या तळाचा फिरणारा दांडा) घुसळतो, फेस होतो आणि ते ब्रीदरमधून (इंजिनाच्या पोटातली हवा बाहेर सोडणाऱ्या वाटेतून) नाहीतर सीलमधून बाहेर येतं. जास्तीचं काढून टाका आणि आठवडाभर बघा. बीएस-६ गाडीत काडीवरची पातळी आपोआप वाढत असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर डीपीएफच्या (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरच्या) भानगडीतून डिझेल ऑइलमध्ये उतरतंय. ती गळती नाही, पण बेअरिंगांना जास्त घातक आहे. तशीच गाडी चालवू नका.

आता किती गळतंय याचा हिशेब. मिनिटाला एक थेंब धरला तर दिवसाला १४४० थेंब होतात. २० थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर सत्तर मिलिलिटरच्या आसपास, म्हणजे दोन आठवड्यांत लिटर. बऱ्याच गाड्यांत काडीच्या दोन खुणांमधलं अंतरही साधारण एवढंच असतं. हिशेब ढोबळ आहे, पण ‘काय थेंबभर तर गळतंय’ म्हणणाऱ्याने एकदा करून बघावा. डॅशबोर्डवरच्या ऑइलच्या लाल दिव्यावर विसंबू नका. तो दिवा तेल कमी झाल्याचा नाही, दाब गेल्याचा असतो. तो लागेपर्यंत आत बेअरिंग कोरडी पडायला लागलेली असतात. लागलाच तर घाट असो की महामार्ग, गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा.

जागा शोधायची पद्धत मला एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी दाखवली. इंजिन थंड असताना ब्रश आणि डिझेलने सगळा चिखल-तेलाचा थर धुऊन काढा. अल्टरनेटर आणि वायरींचे सॉकेट प्लास्टिकच्या पिशवीने झाका. प्रेशर वॉशर मारणारे मारतात, मी इंजिनावर कधीच मारत नाही. सॉकेटमध्ये पाणी गेलं की दुसरंच दुखणं सुरू होतं. डिझेल पुसून कोरडं करा आणि तासभर उघडं ठेवा. एक्झॉस्टवर डिझेलची ओल राहिलेली असताना इंजिन चालू करायचं नाही, तिथे आग लागते.

मग अंगाला लावायची साधी पांढरी टाल्कम पावडर घ्या. टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणाच्या) कडा, टायमिंग कव्हर, ऑइल फिल्टरची बैठक, चेंबरची (खालच्या तेलाच्या भांड्याची) कड, जिथे जिथे जोड आहे तिथे हलकी फुंकरून बसवा. दहा-पंधरा किलोमीटर फिरून या आणि टॉर्च घेऊन बॉनेट उघडा. जिथून तेल येतं तिथे पांढऱ्यावर करड्या रंगाची ओली रेघ उमटलेली असते. सुरुवातीला केसाएवढी बारीक, खाली येता येता पसरत गेलेली. त्या रेघेचं वरचं टोक धरायचं. तेल खाली उतरतं आणि चालत्या गाडीत वाऱ्याने मागे जातं, म्हणून थेंब जिथे पडतो तिथे गळती जवळपास कधीच नसते. टॅपेट कव्हरचं तेल मागून उतरून बेल हाउसिंगवर (इंजिन आणि गेअर बॉक्सच्या मधल्या कवचावर) आलेलं असतं आणि बघणारा सांगतो, ‘क्रँकचं मागचं सील गेलं, गेअर बॉक्स उतरवावा लागेल.’ कव्हरचं पॅकिंग काही शे रुपयांत आणि अर्ध्या दिवसात बदलून होतं, गेअर बॉक्स उतरवायचा म्हणजे दोन दिवस गाडी उभी आणि मजुरी वेगळी.

रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरा. मोठ्या खोक्याचा एक अखंड तुकडा चांगला. पुढच्या दोन्ही चाकांच्या जागा खडूने आखून ठेवा आणि गाडी रोज तिथेच लावा. सकाळी डाग कुठे पडला, त्याच्या बरोब्बर वर काय आहे, हे कळतं. डागाशेजारी तारीख लिहा. तीन-चार दिवसांत गळती वाढतेय की तेवढीच आहे, हे पुठ्ठाच दाखवतो.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी हे लिहायला बसलो. दोन वर्षांपूर्वी आषाढात ७० क्रेट, म्हणजे १४०० किलो माल घेऊन निघालो होतो. मढच्या अलीकडे चहाला थांबलो, तर बॉनेटच्या फटीतून जळक्या तेलाचा वास. टॅपेट कव्हरच्या कडेने तेल येऊन खालच्या तापलेल्या एक्झॉस्टवर पडत होतं आणि धूर होत होता. त्या आधीच्या तीन महिन्यांत ते पॅकिंग एका गॅरेजमध्ये दोनदा बदललं होतं. पंधरा दिवस कोरडं, की पुन्हा ओलं. त्या रात्री लिटरभर ऑइल टाकून, दर वीस किलोमीटरला काडी बघत वाशी गाठली. परतल्यावर त्या म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी पाना उचललाच नाही. म्हणाले, “चालू कर.” इंजिन आयडलला असताना ऑइल भरायचं झाकण फिरवून काढलं आणि उलटं करून नुसतं तोंडावर ठेवलं. झाकण थडथड उडत खाली पडलं. मग त्यांनी ब्रीदरचा रबरी पाइप इंजिनाच्या बाजूने उपसला आणि झाकण पुन्हा ठेवलं. आता ते जागेवर हलकं थरथरत बसून राहिलं.

पाइप त्यांनी ब्लेडने उभा चिरून माझ्या हातात दिला. बाहेरून चांगला दिसत होता. आत वर्षानुवर्षं तेलाची वाफ पिऊन रबर फुगलं होतं आणि कोपराच्या वळणात पेन्सिल जाईल एवढंही भोक उरलं नव्हतं. इंजिनाच्या पोटातली हवा बाहेर पडायला वाट नाही, म्हणून ती जो जोड सगळ्यात कमकुवत त्यातून तेल घेऊन बाहेर येत होती. त्या दाबापुढे नवं पॅकिंग पंधरा दिवसच टिकणार. दोन पॅकिंगांवर घालवलेल्या पैशांच्या कितीतरी कमीत पाइप आला. त्यानंतर तेच पॅकिंग आजपर्यंत कोरडं आहे.

म्हणून कुठलंही सील किंवा पॅकिंग बदलायच्या आधी हे करून बघा. डिझेल इंजिनात झाकण थोडं थरथरतंच, त्याला घाबरू नका. ते उडून पडत असेल तर ब्रीदर काढून परत बघा. शांत झालं तर पाइप किंवा ब्रीदरची जाळी तुंबलीय. ब्रीदर काढूनही उडत असेल आणि त्या तोंडातून भकाभका धूर येत असेल, तर बहुतेक पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. मग गळती बंद करण्याचा खर्च इंजिनकामाच्या हिशेबात धरा. हे बघताना हात आणि कपडे पंख्या-पट्ट्यापासून लांब ठेवा. इंजेक्टरच्या लोखंडी पाइपांना चालू इंजिनात हात लावू नका. कॉमन रेलमध्ये (इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक पाइपात) डिझेल शेकडो बारच्या दाबाने धावतं, सुईएवढ्या छिद्रातून आलेलं डिझेल कातडी भेदून आत जातं.

ब्रीदर ठीक निघाला तर मग एकेक जागा. टॅपेट कव्हरला बहुतेक सहा एमएमचे बोल्ट असतात, दहाचा पाना लागतो. आधी ते फक्त ढिले झालेत का बघा, मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, थोडं थोडं. जोर मनगटाचा, खांद्याचा नाही. आवळून आवळून गळती थांबवू गेलात तर कव्हर वाकतं आणि मग नवं पॅकिंगही बसत नाही. बदलायचंच असेल तर जुन्याचा कण न् कण काढा, पण स्क्रू ड्रायव्हरने खरवडू नका. हेड बऱ्याचदा अॅल्युमिनियमचं असतं, एक ओरखडा पडला की तिथून कायमची ओल. सिलिकॉन फक्त कोपऱ्यांत आणि कंपनीने सांगितलेल्या जोडांवर, बारीक रेघ. हे मी कळकळीने सांगतो, कारण जाड थापलेलं सिलिकॉन आत गळून पडतं आणि ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतं. थेंबाची गळती थांबवण्याच्या नादात इंजिन जाम झालेली गाडी मी डोळ्यांनी बघितलीय.

चेंबरच्या तेल काढायच्या नटाखालचा तांब्याचा वायसर प्रत्येक ऑइलबदलीला नवा टाका. आडबाजूला नवा मिळाला नाही तर जुनाच गॅसच्या शेगडीवर लालसर होईपर्यंत तापवा आणि पाण्यात टाका. दाबून कडक झालेलं तांबं परत मऊ पडतं आणि नीट बसतं. फिल्टर गळत असेल तर आधी जुन्या फिल्टरची रबरी रिंग बैठकीला चिकटून राहिलीय का बघा. दोन रिंगा एकावर एक बसल्या की गळणारच. नव्या रिंगेला तेलाचं बोट लावा, हाताने टेकेपर्यंत फिरवा आणि पुढे पाऊण फेरी. आपल्याकडच्या बऱ्याच डिझेल गाड्यांत अल्टरनेटरच्या पाठीमागे ब्रेक बूस्टरचा व्हॅक्यूम पंप असतो. त्याच्या पाइपांचे जोड आणि ओ-रिंग सहसा कुणी बघत नाही, तुम्ही बघा. ऑइल प्रेशर स्विचचा वायरचा टोपा ओढून काढा. आत तेल असेल तर स्विच फुटलाय, तो स्वस्तात मिळतो.

खाली शिरताना गाडी नुसत्या जॅकवर कधीच नको. चाकांना दगड, हँडब्रेक, गाडी गेअरमध्ये आणि चासीखाली लाकडी ठोकळे किंवा स्टँड. स्टेपनी काढून चासीखाली सरकवून ठेवा, ठोकळा सरकलाच तर तेवढी जागा उरते.

वाटेतच गळती वाढली तर बरोबर दोन लिटर तेच ऑइल, चिंध्या आणि एम-सील असलं की भागतं. चेंबरला दगड लागून चीर गेली असेल तर तेल काढून, कोरडं घासून एम-सील लावा आणि ते कडक झाल्यावरच निघा. घरापर्यंत नेतं, पुढच्या फेरीला नाही. साबण घासायची युक्ती डिझेलच्या टाकीला चालते, गरम इंजिनाला नाही. बाटलीतली ‘गळतीबंद’ औषधं मी टाकत नाही. रबर थोडं फुगवून ती ओल झाकतात आणि खरी जागा शोधायची राहून जाते.

काढलेलं तेल ओढ्यात, विहिरीजवळ किंवा बांधावर ओतू नका. कॅनमध्ये साठवून गॅरेजच्या जुन्या तेलाच्या पिंपात द्या.

एवढं सगळं तपासून रेघेचं टोक खरोखर बेल हाउसिंगमध्येच निघालं, तर मागच्या सीलचं काम मिस्त्रीकडे द्या आणि लांबवू नका, कारण ते तेल क्लच प्लेटला लागलं की चढणीला भरलेली गाडी ओढत नाही. गेअर बॉक्स उतरलाच आहे तर क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग आणि गेअर बॉक्सचं पुढचं सील त्याच वेळी बघून घ्या. सील जिथे घासतं तिथे क्रँकवर चर पडलाय का, ते नखाने चाचपून बघायला सांगा. नख अडकलं तर नवं सील जुन्याच जागी न ठोकता किंचित पुढे-मागे बसवता येतं का, ते विचारा. आणि काढलेलं जुनं सील मागून घ्या. त्याची ओठासारखी कड अजून मऊ असेल, तर सील खराब नव्हतं, आतल्या दाबानेच तेल बाहेर आलं असेल, म्हणून गाडी ताब्यात घ्यायच्या आधी ब्रीदर परत एकदा उघडून बघा.