शिल्लक रक्कम हातात असेपर्यंतच

परदेशी पुरवठादार म्हटला की नवख्याला भीती असते ती पैसे घेऊन पसार होणाऱ्या कंपनीची. त्याहून ओळखायला अवघड प्रकार म्हणजे पुरवठादार खरा, ऑर्डर खरी, फक्त बँक खातं खोटं. कोणीतरी मेलबॉक्समध्ये शिरून तुमचा पत्रव्यवहार वाचत असतं. नेमकं पैसे भरायच्या वेळी मेल येतो, ‘ऑडिट चालू आहे, या खात्यावर पाठवा.’ इन्व्हॉइस हुबेहूब. मेलच्या पत्त्यात इंग्रजी ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ चिकटून बसवलेले. खातं बदललं की फोन करायचाच, पण मेलमधल्या नंबरवर नाही, आपल्याकडे आधीपासून असलेल्या. खातेदाराचं नाव करारातल्या कंपनीशी जुळलं नाही तर पैसे थांबवा.

३० टक्के आगाऊ, ७० टक्के नंतर, हा नेहमीचा सौदा. ‘नंतर’ म्हणजे तपासणी पास झाल्यावर, असं करारातच लिहून घ्या. १,००० नगांच्या लॉटमधून तपासणीच्या नेहमीच्या पातळीला ८० नग काढतात. एक्यूएल, म्हणजे सदोष नगांची मान्य मर्यादा, २.५ असेल तर ५ सदोष नगांपर्यंत लॉट पास, ६ निघाले की नापास. मात्र खोकी तपासनिसानेच निवडायची. कारखान्याने पुढे केलेली खोकी चांगलीच निघतात. तुलनेला सही-सील केलेला मंजूर नमुना हवा, नाहीतर ‘रंग थोडा फिका’ यावर वाद संपत नाही.

एलसी (ठरलेले कागद दाखवले की पुरवठादाराला पैसे देण्याची बँकेची हमी) काढली म्हणजे माल सुरक्षित, हा गैरसमज. यूसीपी ६०० या एलसीच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे बँक कागद बघते, माल नाही. कागद चोख असले की खोक्यात काय आहे हा तिचा प्रश्न नसतो. म्हणून एलसीच्या कागदपत्रांत तुम्ही नेमलेल्या संस्थेचा तपासणी दाखला घाला.

माल आल्यावर सील तोडण्याआधी कंटेनर नंबर आणि सील नंबरचा फोटो काढा, बिल ऑफ लेडिंगशी (माल चढवल्याची जहाज कंपनीची पावती) पडताळा, मग सलग व्हिडिओ काढत खोकी उघडा. तक्रार लगेच आणि लेखी करा: किती नग, कोणता दोष, करारातलं कोणतं कलम, मागणी किती रकमेची. ‘माल खराब आहे’ एवढ्यावर कोणी हलत नाही.

‘पुढच्या ऑर्डरीत भरपाई देऊ’ हे उत्तर ठरलेलं. त्यात पुढची ऑर्डर देणं तुमच्यावर येतं आणि भरपाई नव्या दरातून वसूल होते. आधी क्रेडिट नोट, म्हणजे तेवढी रक्कम तुम्हाला देणं असल्याचा पुरवठादाराचा लेखी कागद, मागा. मोठ्या सौद्यात करारात लवादाचं कलम हवंच. १९५८च्या न्यूयॉर्क करारामुळे लवादाचा निवाडा सदस्य देशांत अंमलात आणता येतो. आपल्या कोर्टाचा हुकूम तिकडे चालेलच असं नाही.