फंक्शन जनरेटरमधला उडालेला आयसी कसा बदलायचा (आयसी मेला तरी चालेल, बोर्ड मरता कामा नये)

कॉलेजच्या लॅबमधून एक जुना फंक्शन जनरेटर (साइन, ट्रँगल, स्क्वेअर अशा वेव्ह तयार करून देणारं मशीन) आला होता, कुणीतरी पोरानं आउटपुटच्या सॉकेटला चक्क २४ व्होल्टची सप्लाय लावली म्हणे, आउटपुट आणि इनपुट यातला फरक परीक्षेत लिहिता येतो पण वायर हातात आली की विसरायला होतं. त्यावर जे केलं तेच सांगतो, आत आयसीएल८०३८ (वेव्ह बनवणारा आयसी) आणि पुढे टीएल०८२ (ती मोठी करून बाहेर देणारा ऑपॅम्प, म्हणजे अँप्लिफायर आयसी) असलेल्या बऱ्याच जुन्या मशीनना लागू पडेल.

आधी सोल्डरिंगची गन गरम करू नका. निम्म्या वेळा आयसी चांगलाच असतो आणि आपण उगाच बोर्ड खराब करतो. पहिल्यांदा सप्लाय बघायची, ७८१२ आणि ७९१२ या व्होल्टेज रेग्युलेटरच्या आउटपुटला +१२ आणि −१२ येतंय का. इथे एक गंमत आहे, ७९१२ चे पाय ७८१२ सारखे नसतात आणि त्याच्या पाठीचा पत्रा इनपुटला जोडलेला असतो, ग्राउंडला नाही, त्यामुळे मधला मायका (वीज अडवणारा पातळ पापुद्रा) फाटून तो मशीनच्या बॉडीला टेकला की निगेटिव्ह सप्लाय गायब आणि आपण बसतो आयसी बदलत.

सप्लाय ठीक असेल तर सीआरओ (स्क्रीनवर वेव्ह दाखवणारा ऑसिलोस्कोप) घेऊन ८०३८ च्या पिना बघा. २ वर साइन, ३ वर ट्रँगल, ९ वर स्क्वेअर. ±१२ वर ट्रँगल साधारण ८ व्होल्ट पीक टू पीक आणि साइन ५ च्या आसपास दिसायला हवी. ९ नंबर ओपन कलेक्टर आहे म्हणजे तो स्वतः फक्त खाली ओढतो, वर जायला बाहेरून सप्लायला रेझिस्टर लागतो, तो रेझिस्टर गेला असेल तरी स्क्वेअर दिसणार नाही, म्हणून लगेच ८०३८ ला दोष देऊ नका, तो आता बनत नाही आणि बाजारात मिळतो त्यातले बरेच नकली असतात.

माझ्याकडे तिन्ही वेव्ह झकास होत्या. पुढे टीएल०८२ च्या १ नंबर पिनवर मात्र −१०.८ व्होल्ट, नॉब कितीही फिरवा हलायचं नाव नाही. पिन ३ (सरळ इनपुट) ग्राउंडला म्हणजे ० आणि पिन २ (उलटा इनपुट) वर −३.८. आता विचार करा, फीडबॅक (आउटपुट परत इनपुटला जोडणं) असलेल्या ऑपॅम्पचे दोन्ही इनपुट जवळजवळ सारखेच असायला पाहिजेत, आणि २ जर ३ च्या खाली असेल तर आउटपुट वर प्लसकडे जायला हवं, हे साहेब खाली चिकटून बसलेत. म्हणजे गेला. बाजूचा आउटपुटचा ४७ ओहमचा रेझिस्टर पण काळा पडला होता, तोही बदलायचा.

आता काढायचं कसं. आठही पाय एकदम गरम करून उपटायचा मोह होतो, करू नका, डबल साइड पीसीबीत होलच्या आतलं प्लेटिंगच बाहेर येतं. बारीक कटरनं पाय आयसीच्या अंगाशी कापा, बोर्डाशी नाही, म्हणजे चिमट्याला धरायला काहीतरी उरतं. मग एकेक पाय, गन ३२०-३५० डिग्रीवर, पाय हलायला लागला की चिमट्यानं अलगद ओढा. ग्राउंडला जोडलेला पाय हट्टी असतो कारण सगळं तांबं उष्णता पिऊन टाकतं, तिथे थोडं नवीन सोल्डर घाला, जुनं पण पटकन वितळतं. होल बुजलं असेल तर सकर (वितळलेलं सोल्डर ओढून घेणारा पंप) मारा, नाही निघालं तर गरम करून दात कोरायची काडी घाला, लाकडाला सोल्डर चिकटत नाही. ड्रिल अजिबात नाही!!

नंतर आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि जुना टूथब्रश घेऊन सफाई, आणि प्रत्येक पॅडपासून ट्रॅक जिथे जातो तिथपर्यंत मीटरनं कंटिन्युइटी, म्हणजे जोड सलग आहे का ते बघा. कंटाळवाणं आहे पण माझा ६ नंबरचा ट्रॅक केसाएवढा तुटलेला इथेच सापडला.

नवीन आयसी थेट सोल्डर न करता बेस (आयसी खोचायचं सॉकेट) लावा, खाच बोर्डावरच्या खाचेकडे. बेस लावून आयसी न घालताच मशीन चालू करा, ८ वर +१२ आणि ४ वर −१२ दिसलं की बंद करा, मगच आयसी. नवीन आयसीचे पाय फाकलेले असतात, टेबलावर आडवा ठेवून हलकेच दाबून सरळ करा नाहीतर एक पाय पोटाखाली दुमडतो आणि तासभर डोकं खातो.

टीएल०८२ नाही मिळाला तर टीएल०७२ बिनधास्त. दुकानदार (लॅमिंग्टन रोड असो की तपकीर गल्ली) एलएम३५८ देईल, "पिना सेम आहेत साहेब". पिना सेमच आहेत, पण ३५८ चा स्ल्यू रेट (आउटपुट किती झपाट्यानं बदलू शकतं) ०.३ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंदच्या आसपास, ०८२ चा १३. १० व्होल्ट पीकची साइन ३५८ कडून ५ किलोहर्ट्झच्या पुढे नीट येत नाही, ट्रँगल व्हायला लागते. आणि नकली ओळखायलाही हेच करा, १०० किलोहर्ट्झला नॉब फुल करून साइन बघा, तिरकी झाली की दुकानात परत.

शेवटी डीसी ऑफसेट (वेव्ह शून्यापासून वर-खाली सरकवणारं व्होल्टेज) शून्यावर आणून अर्धा तास चालू ठेवलं, आयसीला बोट लावलं तर कोमट, बस. देताना आउटपुटच्या सॉकेटखाली लाल मार्करनं लिहून दिलंय, "इथून बाहेर येतं, आत जात नाही".