नेत्याच्या गुणदोषांचा लेखाजोखा मांडताना या चुका टाळा

निवडणूक विधानसभेची असो की जिल्हा परिषदेची, ती जवळ आली की रत्नागिरी-सिंधुदुर्गातील साप्ताहिकांकडे आणि विशेषांकांकडे ‘कारकिर्दीचा लेखाजोखा’ या मथळ्याच्या लेखांची रीघ लागते. असे लेख छपाईपूर्वी तपासण्याचे काम अनेक वर्षे माझ्याकडे आहे. त्यांतील बहुतेक लेख असे असतात, की वरचे नाव झाकले तर ते कोणत्याही पुढाऱ्याला लागू पडावेत. नेता ‘लोकसंग्राहक’ असतो, ‘धडाडीचा’ असतो, ‘अभ्यासू’ असतो आणि निःपक्षपातीपणाचा देखावा करायचा म्हणून शेवटी ‘काहीसा हट्टी’ही असतो. पदावरच्या माणसाचा स्वभाव त्या पदाच्या कामकाजात उमटतो. आमचे लेखक मात्र तो व्यासपीठावर, लग्नमांडवात आणि मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींत शोधत बसतात.

फोन म्हणजे निर्णय नव्हे

या चुकीचा मला सर्वाधिक कंटाळा आहे, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहितो. एका होतकरू वार्ताहराने जिल्हा परिषदेच्या एका माजी अध्यक्षांवर लेख आणला होता. ‘तत्काळ निर्णयक्षमता’ हा त्यांचा सर्वांत मोठा गुण असल्याचे त्याने ठामपणे लिहिले होते आणि पुरावा म्हणून एका जनता दरबारातील प्रसंग रंगवला होता. ऐन मे महिन्यात एका वाडीतील बाया रिकाम्या कळश्या घेऊन आल्या, अध्यक्षांनी सर्वांसमोर उपअभियंत्याला फोन लावला, आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठा केला आणि ‘उद्या संध्याकाळपर्यंत नळाला पाणी आले पाहिजे’ असे बजावले. टाळ्यांचा कडकडाट झाला. वार्ताहर स्वतः तिथे हजर होता, त्यामुळे प्रसंगात खोटे काहीच नव्हते.

मी त्याला दोन कामे सांगितली. पहिले त्या वाडीत जाऊन येण्याचे आणि दुसरे स्थायी समितीच्या त्यानंतरच्या सभांची इतिवृत्ते वाचण्याचे. वाडीत त्याला समजले, की उपअभियंता दुसऱ्या दिवशी खरोखर आला होता, पंपघराचे फोटो काढून तो परत गेला आणि पाणी मात्र पावसाळा लागेपर्यंत आले नाही. पंप नादुरुस्त नव्हताच. योजनेचे वीजबिल थकल्याने जोडणी तोडली गेली होती. पाणीपट्टी वसूल होत नसल्याने ग्रामपंचायतीकडे बिल भरायला पैसे नव्हते आणि तीन वाड्यांपैकी एका वाडीने, पाणी आपल्यापर्यंत पोहोचतच नाही या कारणाने, पाणीपट्टी भरणे बंद केले होते. ही गुंतागुंत फोनवर सुटणारी नव्हती. ती सोडवायची तर ग्रामसेवक, सरपंच आणि तिन्ही वाड्यांचे गावकर यांना एकत्र बसवून वाईटपणा घ्यावा लागला असता. इतिवृत्तांत पुढच्या तीन सभांना तीच तक्रार त्याच शब्दांत आलेली होती आणि तिच्यासमोर ‘संबंधितांना सूचना देण्यात आल्या’ एवढाच शेरा होता.

त्या अध्यक्षांपूर्वी ते पद सांभाळणाऱ्या गृहस्थांच्या काळातील इतिवृत्तेही त्या गठ्ठ्यात होती. ते आधीचे गृहस्थ भाषणाला उभे राहिले की श्रोते चहाला उठत, इतके ते पुटपुटत बोलत. मात्र त्यांच्या प्रत्येक सभेचा प्रारंभ मागील सभेच्या अनुपालनाने होत असे. प्रत्येक तक्रारीपुढे अधिकाऱ्याचे पदनाम आणि मुदत असे, आणि मुदत टळली तर पुढील सभेत त्याच अधिकाऱ्याचा खुलासा नोंदलेला असे. निर्णयक्षमता हा शब्द वापरायचाच असेल, तर तो या दोघांपैकी कोणाला लावायचा, हे वार्ताहराला सांगावे लागले नाही. त्याने लेख मागे घेतला. आजकालच्या उतावळ्या मंडळींत हा शहाणपणाच म्हणायचा.

माझी स्वतःची सवय अशी, की इतिवृत्ताची फाइल हाती आली की मी ती शेवटून वाचायला घेतो. अखेरच्या सभेत जी तक्रार आहे, ती प्रथम कधी आली एवढेच शोधत मागे गेले, तरी त्या पदाधिकाऱ्याची चिकाटी, विसराळूपणा, अधिकाऱ्यांवरील वचक आणि अप्रिय काम टाळण्याची वृत्ती यांतील बरेचसे हाती लागते. ही कागदपत्रे माहितीच्या अधिकारात मिळू शकतात. त्यासाठीचे तीस दिवस थांबण्याची ज्याची तयारी नाही, त्याने दुसऱ्याच्या पाच वर्षांवर मत देऊ नये.

गुणांचा एक रकाना, दोषांचा दुसरा

नवोदितांना ही मांडणी फार आवडते, कारण तिच्यात विचार करावा लागत नाही. प्रत्यक्षात एकच स्वभावधर्म एका ठिकाणी गुण ठरतो आणि दुसऱ्या ठिकाणी दोष, त्यामुळे त्याची दोन रकान्यांत फाळणी केली की तो समजेनासा होतो. कोकणातील सर्वांत ठळक उदाहरण बॅरिस्टर ए. आर. अंतुले यांचे आहे. रायगड जिल्ह्यातील आंबेतचा हा माणूस जून १९८० ते जानेवारी १९८२ एवढाच काळ मुख्यमंत्री होता. तेवढ्यात कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले, १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला आणि संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू झाली. वर्षानुवर्षे रेंगाळणारे प्रश्न ते झपाट्याने निकालात काढत, याच्या आठवणी रायगडात आजही निघतात. त्याच कारकिर्दीत सिमेंट नियंत्रित असताना झालेले त्याचे वाटप आणि त्यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या प्रतिष्ठानाला मिळालेल्या देणग्या यांचा परस्परसंबंध असल्याचा निष्कर्ष मुंबई उच्च न्यायालयाने काढला आणि त्यांना राजीनामा द्यावा लागला.

बहुतेक लेखांत ‘धडाडी’ पहिल्या रकान्यात आणि ‘सिमेंट प्रकरण’ दुसऱ्या रकान्यात पडते, जणू ही दोन वेगळी माणसे होती. मला दोन्हीकडे एकच प्रवृत्ती दिसते: मधल्या पायऱ्या आणि सल्लागार यांची अडचण वाटणे आणि अधिकार आपल्या हाती एकवटणे. जिल्हानिर्मितीसारख्या कामात या प्रवृत्तीने वर्षे वाचली. ज्या ठिकाणी सरकारी परवाना आणि देणगी यांच्यामध्ये भिंत हवी होती, तिथे तीच प्रवृत्ती नडली. म्हणून मी लेखकाला एकच गुण निवडायला लावतो आणि तो ज्या निर्णयात उपयोगी पडला व ज्या निर्णयात अंगाशी आला, असे दोन निर्णय शोधून आणायला सांगतो. दोन्ही सापडत नसतील, तर बहुधा तो गुण नसून विशेषणच असते.

कोकण रेल्वे एकट्याच्या नावावर लिहिणे

ही चूक दोन्ही बाजूंचे कार्यकर्ते सारख्याच उत्साहाने करतात. १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले तेव्हा जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री होते आणि मधु दंडवते अर्थमंत्री. महामंडळाची धुरा अभियंते ई. श्रीधरन यांच्याकडे आली आणि भांडवलात केंद्राबरोबर महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक व केरळ या राज्यांचा वाटा होता. २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग वाहतुकीला खुला झाला तेव्हा दंडवते आणि फर्नांडिस दोघेही त्या पदांवर नव्हते. ‘रेल्वे कोणी आणली’ या प्रश्नातून व्यक्तिगत गुण हाती लागत नाहीत. ‘रेल्वे अर्थसंकल्पातील तुटपुंज्या तरतुदींवर विसंबून न राहता स्वतंत्र महामंडळ काढून रोखे उभारण्याचा मार्ग कोणी स्वीकारला, आणि अभियंत्याच्या हाती पुरेसे अधिकार देऊन त्याच्या कामात लुडबूड न करण्याचा संयम कोणी दाखवला’ असे विचारले, तर लागतात. हा संयम गुणांच्या यादीत कधीच येत नाही, कारण त्याचे छायाचित्र निघत नाही.

दंडवत्यांच्या बाबतीत आणखी एक घोटाळा होतो. १९७१ पासून सलग पाच वेळा राजापूरमधून लोकसभेवर गेलेले दंडवते १९९१ मध्ये तिथेच पराभूत झाले, यावरून काही जण त्यांचा ‘जनसंपर्क कमी पडला’ असा दोष काढून मोकळे होतात. पराभवाला कारणे शंभर असतात. त्यांतले सोयीचे एक उचलून ते स्वभावाला चिकटवू नये. रेल्वेमंत्री असताना, १९७७ ते १९७९ या काळात, दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गाद्या बसवण्याचा निर्णय त्यांनी घेतला. सामान्य प्रवाशाशी असलेला त्यांचा संपर्क मला त्यात अधिक दिसतो.

बॅरिस्टर नाथ पै यांची तुलना मंत्र्यांशी करू नये. ते कधीही मंत्री नव्हते, त्यामुळे त्यांचे मोजमाप संसदेतील कामाने करावे. केंद्रीय अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांचा १९५६ मधील मुंबईच्या प्रश्नावरचा राजीनामा हा ‘बाणेदारपणा’ म्हणून उद्‌धृत करण्यापूर्वी पदावर असतानाची त्यांची सहा वर्षेही पाहावीत. पद सोडणे हे पदावरील कामाचे मूल्यमापन नव्हे.

आपत्तीनंतरच्या धावपळीला भुलू नये. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री मुंबई-गोवा महामार्गावरचा, महाडजवळचा सावित्री नदीवरील जुना पूल वाहून गेला आणि नवा पूल पुढच्या वर्षी जूनमध्ये वाहतुकीला खुलाही झाला. ही तत्परता खरी आहे. परंतु त्याच महामार्गाचे २०११ मध्ये सुरू झालेले चौपदरीकरण त्यानंतरही किती रखडले, हे ज्याने गणपतीला गावी येताना भोगले आहे, त्याला तत्परता आणि सातत्य यांतील फरक सांगायला नको. नेत्याच्या खात्यावर दोन्ही नोंदी वेगवेगळ्या पडायला हव्यात.

राहिला प्रश्न कोणाला विचारायचे याचा. कार्यकर्ता सांगेल ते आरतीसारखे असते आणि विरोधक सांगेल ते पाठ केलेले असते. चाकरमान्यांना नेता वर्षातून दोनदा दिसतो. मी शक्यतो जिल्ह्यातून बदली होऊन गेलेला उपअभियंता, निवृत्त गटविकास अधिकारी किंवा सभांची टिपणे घेणारा कक्ष अधिकारी गाठतो आणि नेत्याविषयी मत न विचारता एवढेच विचारतो, की न पटणारी टिप्पणी समोर ठेवली तर साहेब काय करत: वाचत, फाडत, की दुसऱ्याकडून लिहून घेत?