डेपोवरून परत आलेला राडारोडा

न्हाणीघर फोडलं आणि सगळा राडारोडा टेम्पोत भरला. वर जुनी गादी, रंगाचे अर्धे डबे, पीओपीचे तुकडेही कोंबले. कचरा डेपोच्या वजनकाट्यावरूनच गाडी परत पाठवली. चूक माझीच, सगळं एकत्र भरलं होतं.

घरी येऊन सगळं उपसलं. विटा, काँक्रीट, फरशा एकीकडे. त्या भरडून भरावाला वापरता येतात. पीओपी वेगळ्या गोणीत, कारण त्यातलं जिप्सम ओल्या कचऱ्याखाली हवेविना दबलं की जिवाणूंमुळे हायड्रोजन सल्फाइड सुटतो. सडक्या अंड्यांचा वास तो हाच! रंगाचे डबे घातक कचऱ्यात, लोखंड भंगारात. डेपोत पैसे वजनावर भरायचे, म्हणून ढिगावर ताडपत्री टाकली. भिजलेला राडारोडा काट्यावर उगाच जड भरतो.

दुसऱ्या खेपेला गाडी थेट आत. गादी मात्र अजून जिन्याखालीच आहे.