कच्च्या-पक्क्याचे तीन खिळे

मी बँकेत कॅशियर, त्यामुळं सुऱ्या करायला रविवारच मिळतो. सांगलीत घरामागं आठ बाय दहाची पत्र्याची शेड आहे. आधी एकच सुरी धरून शेवटापर्यंत न्यायचो. भट्टी पेटव, विझव, ग्राइंडरचा पट्टा बदल, परत भट्टी. निम्मा दिवस सामान काढण्या-ठेवण्यात जायचा. आता चार पाती एकदम घेतो आणि कुठल्या कामात कसली घाण होते त्याप्रमाणं कामांची विभागणी करतो: लोखंडाचा रविवार, आगीचा रविवार, धुळीचा रविवार.

पहिल्या रविवारी कापणं, कानस, भोकं. मुठीची भोकं आजच पाडा. पाणी दिल्यावर, म्हणजे पातं तापवून बुडवून कडक केल्यावर, आठवलं तर ड्रिलचं बीट जाईल, भोक पडणार नाही. धारेची कड नाण्याएवढी जाड सोडा, पातळ केली की तेलात वाकते. प्रत्येक पात्याच्या शेपटीवर पंचनं नंबर ठोका. मार्करचा आगीत जळतो.

आगीचं काम दिवस कलल्यावर, कारण उन्हात तापलेल्या लोखंडाचा रंग कळत नाही. चुंबक चिकटायचं थांबलं की अजून थोडं तापवून तेलात. (तेलात बुडवलं तरी आपल्याकडं ते पाणी देणंच.) तेल आधी 50-60 अंशांवर आणा, गार तेल घट्ट असतं, उष्णता नीट ओढत नाही. भांड्याचं लोखंडी झाकण हाताशी हवं, भडका उडाला तर पाणी ओतायचं नाही.

आणि त्याच रात्री शेकणं, म्हणजे मंद उष्णतेवर पात्याचा ठिसूळपणा कमी करणं. ओव्हनमध्ये 200 अंशांवर दोन तास, गार करून परत दोन तास. ‘उद्या बघू’ चालत नाही. पाणी दिलेलं पातं काचेसारखं असतं. माझं एक शहाबादी फरशीवर पडलं आणि दोन तुकडे झाले. घासलेल्या जागी फिकट हळदीचा रंग आला की जमलं. ओव्हन जुना, वेगळा घ्या. घरातला वापराल तर पुढचे सगळे केक तेलाच्या वासाचे.

भट्टी विझवताना मी पुढच्या खेपेचा पाटा (ट्रकच्या स्प्रिंगचा, भंगारातला) लालबुंद करून राखेत पुरतो. सकाळी मऊ मिळतो.

खरी गडबड मात्र पाती सरमिसळ होण्यात. एकदा कच्च्या पात्यालाच मूठ बसवून मावशीला दिली. आठवड्यात फोन: “आरं, भोपळा चिरता चिरता धार दुमडली की तुझ्या सुरीची!” तेव्हापासून भिंतीला तीन खिळे आहेत: कच्ची, पाणी दिलेली, शेकलेली. पातं खिळ्यावर नाहीतर हातात, टेबलावर कधीच नाही. वर मुठीआधी कानस फिरवून बघतो. कच्च्यावर चावते, पक्क्यावर घसरते.

तिसऱ्या रविवारी मास्क लावून घासकाम. हातमोजे नकोत, पातं हाताला पोळलं की लगेच बादलीत. कड तापून निळी पडली तर ती मऊ होते, आधीची सगळी मेहनत वाया. मुठीचं लाकूड मी मिरजेतून, वाद्यांच्या कारखान्यातल्या उरल्यासुरल्या तुकड्यांतून आणतो. सतारमेकरांचे पूर्वज शिकलगार, हत्यारांना धार लावणारे, म्हणून ते सुरीला लावताना उगाच बरं वाटतं. मूठ चिकटवायची ती रात्री, धूळ बसल्यावर, आणि 24 तास शिकंजात.

पावसाळ्यात भट्टी बंद, फक्त मुठी. शेकलेली पाती तेल लावून कागदात गुंडाळा. कृष्णाकाठची हवा एका रात्रीत गंज चढवते.