पोकर टुर्नामेंटचा पहिला तास: तीन पत्तीच्या सवयीतून होणाऱ्या या चुका टाळा

नाशिकच्या इंदिरानगरमधल्या एका मित्राच्या गच्चीवर दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आमची टुर्नामेंट असते. अठरा जण, दोन टेबलं, प्रत्येकाला 10,000 च्या चिप्स, म्हणजे त्याचा स्टॅक. प्रत्येकाच्या हातात दोन पानं, मधे सगळ्यांची मिळून पाच, आणि त्या सातांतून पाचांचा हात जुळवायचा. ब्लाइंड, म्हणजे दोघांनी पानं बघण्याआधीच लावायच्या चिप्स (स्मॉल 50, बिग 100), 50-100 पासून सुरू होतात आणि दर वीस मिनिटांनी वाढतात. पैसा लावायचा नाही, हा पहिल्या दिवसापासूनचा नियम. जिंकणाऱ्याच्या घरी महिनाभर एक पितळी गडू राहतो, बक्षीस एवढंच. 2025 च्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद झाले, तेव्हापासून फोनवर खेळणारे काही जणही आमच्याकडे यायला लागलेत.

दर वेळी पहिल्या तासात तिघं-चौघं बाहेर पडतात. कुणी ओझरहून आलेलं असतं, कुणी अंबडची शिफ्ट संपवून थेट. मग रात्री अकरापर्यंत दुसऱ्यांचा खेळ बघत बसायचं. मला ते बघवत नाही, कारण बहुतेकांना पत्त्यांनी दगा दिलेला नसतो. दिवाळीत वर्षानुवर्षं तीन पत्ती खेळून हाताला जे वळण लागलेलं असतं, ते इथे नडतं.

सिक्वेन्स मोठा की कलर?

ही चूक सगळ्यात साधी, आणि सगळ्यात जास्त चिप्स घालवणारी. मागे एकदा माझ्याच टेबलावर एकाने पंजी ते नव्वी असा सिक्वेन्स जुळताच सगळ्या चिप्स पुढे सारल्या. समोरच्याकडे बदामाची पाच पानं, म्हणजे कलर होता. ‘सिक्वेन्स कलरच्या वर ना?’ असं त्याने इतक्या खात्रीने विचारलं, की दोन मिनिटं टेबलावर कुणीच बोललं नाही.

तीन पत्तीत त्याचं बरोबर होतं. तीन पानांचे एकूण 22,100 हात होतात. त्यांत साधे सिक्वेन्स 720 आणि कलर 1,096, म्हणजे सिक्वेन्स दुर्मिळ. पाच पानांत हिशेब उलटतो: 25,98,960 हातांपैकी सिक्वेन्स 10,200 आणि कलर 5,108. म्हणून पोकरमध्ये कलर वर. ट्रेलचंही तसंच. तीन पत्तीत ट्रेल म्हणजे डाव खिशात, पण पोकरमध्ये एकाच किमतीची तीन पानं सिक्वेन्सच्याही खाली बसतात. नवीन माणूस बसला की मी आता हातांचा क्रम कागदावर लिहून त्याच्या चिप्सशेजारी ठेवतो. कुणालाही त्यात कमीपणा वाटू नये.

एका जोडीवर सगळा स्टॅक

तीन पत्तीत एक्क्यांची जोडी आली की माणूस चाल वाढवत राहतो, आणि बहुतेक वेळा जिंकतो. इथे तेच केलं की काय होतं, ते आकड्यांत बघा.

ब्लाइंड 50-100. तुमच्याकडे एक्का-राजा, तुम्ही रेज करून, म्हणजे वाढवून, 300 केलेत, एकाने कॉल दिला, म्हणजे तेवढेच भरले, दोन्ही ब्लाइंडवाल्यांनी पानं टाकली. पॉट, म्हणजे मधला ढीग, 750. फ्लॉपवर, म्हणजे मधल्या पहिल्या तीन पानांत, एक्का पडला. तुम्ही 500 लावलेत, त्याने दिले: 1,750. टर्नवर, चौथ्या पानावर, 1,200, त्याने तेही दिले: 4,150. रिव्हरवर, शेवटच्या पाचव्या पानावर, तुम्ही 2,500 लावलेत. आता बेरीज करा. तुमचे 4,500 गेलेत, म्हणजे जवळपास निम्मा स्टॅक, आणि हातात आहे एकच जोडी. समोरचा तीन वेळा शांतपणे चिप्स भरतोय, याचा अर्थ काय? कधी त्याच्याकडे एक्का आणि तुमच्याहून बारीक दुसरं पान असतं, हे खरं. पण त्याने रिव्हरवर उलट ऑल-इन केलं, म्हणजे सगळ्या चिप्स लावल्या, तर आमच्या टेबलावर तरी त्याच्याकडे दोन जोड्या किंवा तिकडी निघते. लोक पहिल्या तासात एवढ्या मोठ्या रकमेचा ब्लफ फारसा करत नाहीत.

मी काय करतो सांगतो. एका जोडीवर दोनदा लावतो, तिसऱ्यांदा थांबतो. टर्न किंवा रिव्हरवर चेक केला, म्हणजे काही न लावता पाळी पुढे दिली, की पॉट आटोक्यात राहतो. सुरुवातीला तुमच्याजवळ शंभर बिग ब्लाइंड असतात. एवढ्या खोल स्टॅकची पूर्ण बाजी लावायला दोन जोड्यांच्या पुढचा हात लागतो.

आणि टुर्नामेंटमध्ये गेलेल्या चिप्स आणि आलेल्या चिप्स यांची किंमत सारखी नसते. पहिल्या तासात स्टॅक दुप्पट झाला म्हणून तुमची गडू जिंकायची शक्यता फार तर दुप्पट होते. उरलेली सगळी माणसं हरवायची बाकीच असतात. स्टॅक शून्य झाला तर मात्र सगळंच संपतं. 1982 च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरमध्ये जॅक स्ट्रॉसकडे एकच चिप उरली होती, आणि मुख्य स्पर्धा त्यानेच जिंकली. ती एक चिप उरली होती, म्हणून.

शो मागायची खोड

‘बघू तरी काय आहे त्याच्याकडे.’ हे वाक्य मी गच्चीवर शेकडो वेळा ऐकलंय. तीन पत्तीत दोघंच उरले की पैसे भरून शो मागता येतो, तीच सवय. पोकरमध्ये रिव्हरवरचा कॉल हा या शोपेक्षा फार महाग पडतो. कॉल देण्याआधी मनात एकच प्रश्न विचारा: माझ्याहून कमी हाताने तो एवढे लावेल का? उत्तर सुचत नसेल, तर पानं टाका. पॅक करणं ही हार वाटते, हे मला समजतं. पण 50-100 च्या ब्लाइंडमध्ये टाकलेल्या हाताची किंमत फार थोडी असते.

आमच्यातला सगळ्यात स्थिर खेळाडू पिंपळगाव बसवंतकडचा द्राक्षबागायतदार आहे. तो म्हणतो, विरळणी करताना चांगले दिसणारे मणीही काढावे लागतात. एक्का-नव्वी तो पहिल्या जागेवरून न बघितल्यासारखी टाकतो. त्या जागेवरून खेळलं, तर पुढच्या फेऱ्यांत ब्लाइंडवाले सोडून सगळे तुमच्यानंतर बोलतात. बटणावर, म्हणजे शेवटी बोलायच्या जागेवर, तोच हात खेळायला हरकत नाही.

चांगला हात, पण लावलं फुटकळ

ही चूक सावध माणसं करतात. 750 च्या पॉटमध्ये 100 लावतात, ‘कुणी पळून जाऊ नये’ म्हणून. समोरच्याकडे फ्लॉपवर बदामाची चार पानं जमली असतील, तर पुढच्या पानावर त्याचा कलर लागण्याची शक्यता न दिसलेल्या 47 पानांपैकी 9, म्हणजे 19 टक्के. 100 भरून त्याला 850 मिळणार असतील, तर 11 टक्के शक्यताही पुरते. तुम्ही त्याला स्वस्तात बसवलंत. पॉटच्या निम्म्याच्या वर, 450-500 लावा. एक्क्यांची जोडीही अशीच लपवू नका. साधारण 221 डावांत ती एकदाच येते. एका माणसासमोर ती 85 टक्के वेळा जिंकते, कुठल्याही पानांच्या चौघांसमोर 56 च्या आसपास. रेज केला नाही, तर तुम्ही स्वतःच त्या चौघांना बोलावलेलं असतं.

घाबरून सगळंच टाकणं

वरचं वाचून कुणी तासभर हाताची घडी घालून बसेल, तर तेही नुकसानच. छोट्या जोड्या खेळायची वेळ हीच. पंजीची जोडी घेऊन 300 चा कॉल म्हणजे स्टॅकचा तीन टक्के. फ्लॉपवर तिसरी पंजी साडेआठ वेळांतून एकदा पडते. ती पडली आणि समोरच्याकडे एक्क्यांची जोडी असली, तर त्याचा सगळा स्टॅक तुमच्याकडे येऊ शकतो. नाही पडली तर आणखी एकही चिप न लावता बाहेर. फक्त समोरच्याकडेही मोठा स्टॅक आहे ना, ते आधी बघा. त्याच्याजवळ 1,500 च उरले असतील, तर एवढी वाट बघण्याला अर्थ नाही.

याच कारणाने उशिरा येऊ नका. गंगापूर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकलात, की नेमका हा स्वस्त काळ हातचा जातो.

आमच्याकडे ब्लाइंड 200-400 झाले की मी छोट्या जोड्यांचं हे गणित बंद करतो. ज्याच्याकडे 10,000 च आहेत, त्याच्याजवळ तेव्हा पंचवीसच बिग ब्लाइंड असतात. 1,000 चा कॉल म्हणजे दहावा हिस्सा, आणि साडेआठांतून एकदा येणाऱ्या पानासाठी तेवढे देणं परवडत नाही. तिथून पंजीची जोडी एकतर रेज करायची, नाहीतर टाकायची.