आखाजीचा झोका: दुराव्याची मंगा खान्देशात कशी रचावी

वयात येणे, पहिले प्रेम हातून निसटणे आणि पुढे कोणतेही भांडण न होता दोन माणसांनी एकमेकांपासून लांब जाणे, हा जपानी वास्तववादी मंगाचा, म्हणजे तिथल्या चित्रकथांचा, जुना आणि लाडका विषय आहे. तो आपल्याकडे आणताना नवे चित्रकार बहुधा झडणाऱ्या गुलाबी फुलांपासून सुरुवात करतात. जपानमध्ये शाळेचे वर्ष मार्चमध्ये संपते आणि एप्रिलमध्ये नवे सुरू होते, त्यामुळे निरोपाच्या सुमारास चेरी फुललेली असणे हे तिथले साधे वास्तव आहे. आपल्याकडे शाळा जूनमध्ये भरते, आणि निरोपाच्या दिवसांत अमळनेर-धरणगावच्या पट्ट्यात असते ते फक्त ऊन. म्हणून चित्रे काढण्याआधी कथेचे पंचांग बदलावे.

त्यासाठी आखाजीसारखा दुसरा सण नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाला झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात, पुरुष मंडळी पत्ते कुटत बसतात, आणि पुण्याला किंवा सुरतेला गेलेली मुलेही सुटीमुळे गावात सापडतात. दुरावत चाललेल्या दोघांना वर्षातून एकदा समोरासमोर आणण्यासाठी मग योगायोगाची कसरत करावी लागत नाही.

आता पाने मोजावीत. मधोमध टाचलेल्या पुस्तिकेची पाने चारच्या पटीत असतात. मुखपृष्ठ वेगळे धरून 32 पाने पुरेशी आहेत. त्यांत सहा आखाज्या बसवाव्यात, पण सारख्या वाटून नव्हे: पहिलीला 10 पाने, मग 8, 6, 4, 3 आणि शेवटचीला एकच. दोघांकडे एकमेकांसाठी उरलेला वेळ कसा आटत गेला, हे निवेदनाच्या चौकटीत लिहिण्यापेक्षा वाचकाच्या बोटांना कळलेले बरे. प्रत्येक आखाजीत एक चौकट मात्र तीच ठेवावी, म्हणजे तोच निंब, तोच झोका, पाहणाऱ्याच्या डोळ्याची तीच उंची. आणि ती दर वेळी हाताने नव्याने काढावी, कारण जुने चित्र नुसते चिकटवले तर फांदी वाढत नाही. शेवटच्या खेपेला झोक्यावर नायिकेची मुलगी बसवण्याचा मोह होईल. तो टाळून वाचक ज्यांना ओळखत नाही अशा दोन मुली तिथे बसवाव्यात.

जपानी मंगाकार पक्के चित्र काढण्याआधी चौकटी आणि संवादांचा जो कच्चा आराखडा करतात, त्याला तिथे ‘नेम’ म्हणतात. आपणही तो करावा आणि त्यातच पान उलटण्याची जागा ठरवावी. मराठी पुस्तिका डावीकडून उजवीकडे वाचली जाते, म्हणून प्रश्न उजव्या पानाच्या तळाशी आणि उत्तर पान उलटल्यावर डाव्या पानाच्या माथ्याशी यावे. वर सांगितलेल्या वाटणीत 31वे पान उजवे येते आणि शेवटची आखाजी त्याच्या पाठीवर पडते, हा हिशेब मी मुद्दाम केला आहे. आडव्या ओळींमधली मोकळी जागा शेजारशेजारच्या चौकटींमधल्या जागेपेक्षा रुंद ठेवली, की वाचकाची नजर चुकत नाही.

मंगाची खरी ताकद थांबण्यात आहे. काही घडत नाही अशा तीन-चार चौकटी सलग द्याव्यात, आणि त्यांत दोघांचे चेहरे न दाखवता त्याच क्षणाचे तुकडे दाखवावेत: धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, वाळत घातलेल्या बिबड्या (ज्वारीचे पापड), रांजणाखालची ओल, दोराने घासलेली फांदीची साल. ऊन काढण्यासाठी काळे फासू नये. कागद कोरा सोडावा. आखाजीच्या दिवसांत खान्देशात भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे सावली ज्याच्या त्याच्या पायांशीच गोळा होते. दोघे हातभर अंतरावर उभे असूनही त्यांच्या सावल्या एकमेकींना शिवत नाहीत, एवढे काढले तरी पुष्कळ झाले.

नवापूरच्या रेल्वे स्थानकाबद्दल एक सावधगिरी. ते अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत असल्यामुळे दोघांना सीमेच्या दोन बाजूंना बसवण्याची कल्पना प्रत्येकाला सुचते. ती एकदा सुचू द्यावी आणि सोडून द्यावी.

संवादांचे फुगे हा कंटाळवाणा पण आवश्यक भाग आहे. जपानी मजकूर उभ्या ओळींत लिहिला जातो, म्हणून तिथले फुगे उंच आणि अरुंद असतात. मी पहिल्या प्रयत्नात तेच उचलले आणि ‘विचारायचंच’ हा एक शब्द तीन ओळींत तुटला. देवनागरीसाठी फुगा रुंद काढावा, आणि वरच्या वेलांट्या व खालचे उकार एकमेकांत अडकणार नाहीत इतके अंतर ओळींत ठेवावे.

बोली मात्र जिवापाड सांभाळावी. अमळनेर-धुळ्याकडे अहिराणी आहे, रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात लेवा बोली; दोन्हींची खिचडी करणारा चित्रकार तिथल्या वाचकाला पहिल्याच फुग्यात परका वाटतो. पहिल्या आखाजीला ती झोक्यावरून ओरडते, ‘कव्हय उना रे?’ म्हणजे ‘कधी आलास रे?’ तिसऱ्या आखाजीला ती पुन्हा तेच विचारते, पण पुण्याहून आलेला तो प्रमाण मराठीत उत्तर देतो, आणि त्याला स्वतःला ते लक्षातही येत नाही. त्या चौकटीत तिचा चेहरा काढू नये, पायाने जमीन रेटून झोका थांबवलेला तेवढा दाखवावा. मधल्या वर्षांत प्रश्न कोणीच विचारत नाही. 31व्या पानाच्या तळाशी तो फाटकापाशी उभा राहतो आणि ती मान वर करते. पान उलटल्यावर पूर्ण पानभर एकच चित्र असावे, आणि त्याच्या कोपऱ्यात एक लहानसा फुगा: ‘कधी आलात?’